लॉग केबिनचं किट: जागा मोजण्यापासून छपरापर्यंत, इंग्लंडात पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

घरून काम सुरू झालं आणि आमच्या रेडिंगच्या घरात खोल्या कमी पडायला लागल्या. नवऱ्याच्या मीटिंगा, मुलाचा तबला, माझे कॉल, सगळं एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. शेवटी मागच्या बागेत लॉग केबिन बसवायचं ठरलं. किट मागवलं, मे महिन्यात दोन शनिवार-रविवार लावून उभं केलं. आता केबिनचा तिसरा उन्हाळा चालू आहे. मधल्या काळात पाच-सहा मराठी घरांतून "कशी केलीत हो?" म्हणून फोन आले. दर वेळी मी तेच सांगते आणि दर वेळी काहीतरी सांगायचं राहतं, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

आधी एक गैरसमज दूर करू. यातले 'लॉग' म्हणजे ओंडके नव्हेत. त्या स्प्रूसच्या, रंधा मारलेल्या, लांबच लांब पट्ट्या असतात. बरीच किटं बाल्टिक देशांतून येतात. प्रत्येक पट्टीच्या वरच्या कडेला जीभ, खालच्या कडेला खोबण आणि दोन्ही टोकांजवळ खाचा. लहानपणी खेळण्यातले ठोकळे रचायचो तशा या पट्ट्या एकमेकींवर रचायच्या. भिंतीत खिळा नाही, स्क्रू नाही.

आणि हे लाकूड वर्षभर हलत राहतं. कोकणातल्यांना हे वेगळं सांगायला नको: आषाढात दार फुगून चौकटीत अडकतं आणि वैशाखात त्याच दाराच्या फटीतून उजेड येतो. इथे अख्खी खोलीच त्या दारासारखी वागते. हिवाळ्यातल्या ओलीने फुगते, उन्हाळ्यात आवळते. दोन मीटर उंचीच्या भिंतीत हा फरक दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. पुढे मी जिथे जिथे 'घट्ट आवळू नका' म्हटलंय, तिथे कारण हेच आहे.

## १. परवानगी लागते का, ते आधी बघा

खालचे नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे वेगळे, तिथे राहत असाल तर आपापल्या काउन्सिलचे वाचा.

इंग्लंडात बागेतल्या बहुतेक केबिनना प्लॅनिंगचा अर्ज करावा लागत नाही, कारण त्या 'परमिटेड डेव्हलपमेंट'मध्ये बसतात. अटी मात्र पाळायच्या. एकच मजला. वळचणीची उंची २.५ मीटरपर्यंत. दोन पाखांचं छप्पर असेल तर एकूण उंची ४ मीटर, इतर छपरांना ३ मीटर. केबिनचा कुठलाही भाग कुंपणापासून २ मीटरच्या आत येत असेल, तर एकूण उंचीच २.५ मीटरच्या वर जाता कामा नये. घराच्या दर्शनी बाजूच्या पुढे बांधायचं नाही. आणि वाढीव बांधकाम, शेड, केबिन असं सगळं मिळून मूळ घराभोवतालच्या जमिनीचा निम्म्याहून जास्त भाग व्यापायचा नाही. मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी होतं तसं, आणि नंतरचं असेल तर पहिल्यांदा बांधलं तसं. आधीच्या मालकाने काढलेलं एक्स्टेन्शनही या हिशोबात धरतात.

आपल्या इथल्या बागा अरुंद, त्यामुळे बहुतेकांना तो २.५ मीटरचा नियम लागू होतो आणि तिथेच लोक फसतात. उंची मोजतात ती केबिनला लागून असलेल्या जमिनीच्या सर्वांत उंच भागापासून, तुमच्या काँक्रीटच्या माथ्यापासून नाही. कॅटलॉगात २.४८ मीटर लिहिलेली केबिन जमिनीपासून १० सेंटिमीटर वर आलेल्या स्लॅबवर ठेवली की ती २.५८ ची होते. शिवाय काही विक्रेते भिंतींखाली मांडायचे वासे उंचीत धरतात, काही धरत नाहीत. विचारून घ्या, आणि उत्तर ईमेलवर मागा. आम्ही २.४० ची घेतली आणि स्लॅब जमिनीच्या जेमतेम तीन सेंटिमीटर वर ठेवला.

परमिटेड डेव्हलपमेंटचा हक्क सगळ्यांना नसतो. फ्लॅट आणि मेझोनेटला तो नाहीच. लिस्टेड, म्हणजे ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या घराच्या आवारात परवानगी लागतेच. काँझर्व्हेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायच्या भागात, घराच्या बाजूला बांधायचं असेल तरी लागते. आपल्यातल्या पुष्कळांनी नव्या वसाहतीत घरं घेतली आहेत. तिथे मूळ परवानगीतच हा हक्क काढून घेतलेला असू शकतो, किंवा घराच्या कागदांत बिल्डरने 'आमच्या संमतीशिवाय बांधकाम नको' अशी अट घातलेली असते. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाची लेखी संमती घ्या.

आता आपला खास प्रश्न: "आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात, त्यांची झोपायची सोय तिकडे करू का?" नका करू. आतलं क्षेत्रफळ १५ चौरस मीटरपेक्षा कमी आणि आत झोपायची सोय नाही, अशा केबिनला बिल्डिंग रेग्युलेशन्स, म्हणजे बांधकामाच्या सुरक्षिततेचे नियम, सहसा लागत नाहीत. १५ ते ३० मध्ये असेल तर झोपायची सोय नको, आणि लाकडी केबिन कुंपणापासून किमान एक मीटर लांब हवी. झोपायची खोली म्हटली की आग, इन्सुलेशन, बाहेर पडायची वाट असं सगळं बिल्डिंग कंट्रोलकडून तपासून घ्यावं लागतं, आणि साधं किट त्यात सहज उत्तीर्ण होत नाही. परमिटेड डेव्हलपमेंटही 'घराच्या जोडीला वापर' एवढ्यासाठीच आहे, राहण्यासाठी नाही. ऑफिस, रियाज, व्यायाम, भिशी, खुशाल करा.

जमवून ठेवायचे कागद:
- लँड रजिस्ट्रीकडचा घराचा टायटल रजिस्टर आणि प्लॅन
- वसाहत नवी असेल तर मूळ प्लॅनिंग परवानगी, अटींसकट
- केबिनचं उंची दाखवणारं रेखाचित्र आणि विक्रेत्याचा ईमेल
- कुंपणापासूनची अंतरं लिहिलेला हातकच्चा नकाशा आणि टेप धरून काढलेले फोटो
- पुढे इलेक्ट्रिशियन देईल ते सर्टिफिकेट

शंका असेल तर काउन्सिलकडून 'लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट', म्हणजे बांधकाम नियमात बसतं असा दाखला, घेता येतं. त्याला फी पडते, पण घर विकताना समोरचा सॉलिसिटर या कागदांची विचारणा करतो, तेव्हा ते कामाला येतं.

## २. जागा

कुंपणाला चिकटवू नका. चारही बाजूंनी माणूस ब्रश घेऊन फिरेल इतकी, साधारण ६० सेंटिमीटर जागा सोडा. हवा खेळली नाही तर मागची भिंत शेवाळते, आणि रंग लावायला हातच पोचत नसेल तर ती कायमचीच गेली. मॅनहोलच्या झाकणावर बसवू नका. मोठ्या झाडाखाली नको. छपराच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणात पडणार नाहीत एवढंही बघा.

जुनी शेड किंवा गॅरेज पाडून तिथे केबिन टाकणार असाल तर आधी तिचं छप्पर कशाचं आहे ते बघा. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली १९९९ मध्ये. त्याआधीचे करड्या रंगाचे पन्हळी पत्रे दिसले तर हातोडा बाजूला ठेवा आणि तपासून घ्या.

## ३. किट निवडताना

जाहिरातीत आधी डोळ्यांत भरतो तो आकार, आणि तोच सगळ्यात फसवा. '४ × ३ मीटर' हे बऱ्याचदा लॉगच्या टोकापासून टोकापर्यंतचं माप असतं. कोपऱ्यात लॉग एकमेकांना ओलांडून दहा-दहा सेंटिमीटर बाहेर येतात. म्हणजे भिंतीच्या बाहेरून माप ३.८ × २.८, आणि ४४ मिलिमीटरच्या भिंती वजा केल्या की आत उरतात ३.७१ × २.७१. चौरस मीटरमध्ये बारा वाटलेले दहाच निघतात. टेबल, खुर्ची, कपाट यांचा हिशोब आतल्या मापावर करा. वर्तमानपत्रं कापून दिवाणखान्यात अंथरून बघा, आम्ही बघितलं होतं.

मग जाडी. १९ मिलिमीटर म्हणजे कुदळ-फावडी ठेवायची शेड. २८ उन्हाळ्यात चहा प्यायला ठीक. वर्षभर बसून काम करायचं असेल तर ४४ किंवा ४५ पासून सुरुवात करा, पैसे असतील तर ५८ किंवा ७० घ्या. जाड लॉगला दुहेरी जीभ असते, वारा कमी शिरतो. पण ४४ मिलिमीटर लाकूड म्हणजे गोधडी नव्हे. ऊब टिकते ती छपरातल्या आणि जमिनीखालच्या इन्सुलेशनमुळे, आणि ते बहुतेक किटांत येत नाही. ते वेगळं मागवा आणि बांधतानाच घाला, जमिनीखालचं नंतर घालता येत नाही.

किंमत बघताना 'काय येत नाही' याची यादी करा. सहसा येत नाहीत: बेस, इन्सुलेशन, रंग, पन्हळी, वीज. कधी कधी छपराचं आवरणही नाही, किंवा दोन-चार वर्षांत फाटेल असं पातळ फेल्ट (डांबर लावलेलं कापड). काही किटांत जमिनीच्या फळ्याही जास्तीचे पैसे दिल्यावरच. आम्ही किटला जेवढे मोजले त्याच्या निम्म्याहून जास्त या 'न आलेल्या' गोष्टींवर गेले.

'ट्रीटेड' हा शब्दही तपासून घ्या. बऱ्याच किटांत फक्त खालचे वासे ट्रीट केलेले असतात, भिंतीचं लाकूड कोरं असतं.

दार-खिडक्यांना दुहेरी काच घ्या. आणि दाराचे बिजागरे फिरवून दार वर-खाली करता येतं का, ते विचारा. नुसत्या साध्या बिजागऱ्यांचं दार पहिल्याच हिवाळ्यात अडकेल.

## ४. बेस: यावर कंजूषी नको

केबिन बिघडली असं लोक म्हणतात तेव्हा दहांतल्या आठ वेळा बिघडलेला असतो तो बेस. लॉग एकमेकांत बसतात ते मिलिमीटरच्या हिशोबाने. खाली एक कोपरा सेंटिमीटरभर खचलेला असेल, तर पहिल्या तीन ओळींत काहीच कळत नाही. आठव्या ओळीला कोपऱ्यात फट दिसते, बाराव्या ओळीला खिडकीची चौकट बसत नाही, आणि शेवटी दार आपोआप उघडायला लागतं.

पर्याय बरेच आहेत: काँक्रीटचा स्लॅब, खडीवर प्लॅस्टिकच्या जाळ्या, जमिनीत फिरवून घालायचे लोखंडी स्क्रू आणि त्यावर लाकडी सांगाडा. उताराच्या बागेत लोखंडी स्क्रू बरे पडतात. आम्ही स्लॅब केला: १७ सेंटिमीटर खोदकाम, त्यात १० सेंटिमीटर खडी आणि विटांचे तुकडे घालून भाड्याच्या कॉम्पॅक्टरने ठोकून घेतले, वर जाड प्लॅस्टिकचा कागद, वर १० सेंटिमीटर काँक्रीट. कॉम्पॅक्टरशिवाय नुसत्या पायांनी दाबलेली खडी दोन पावसाळ्यांत बसते.

स्लॅब भिंतीच्या मापाएवढाच ठेवा. 'असू दे चार बोटं जास्त' हा मोह आवरा. छपरावरून पडणारं पाणी त्या जास्तीच्या काँक्रीटवर आपटून खालच्या लॉगवर उडतं आणि आत झिरपतं. ३.८ × २.८ च्या स्लॅबला साधारण एक घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे अडीच टन. बाजूच्या बोळातून एकचाकी गाडीच्या वीसेक फेऱ्या. माणसं जमवून ठेवा, कारण काँक्रीट कोणासाठी थांबत नाही.

आमच्याकडे स्लॅब घालायला एक कंत्राटदार आला होता. "अगदी लेव्हल आहे" म्हणून पैसे घेऊन गेला. तेव्हा बाबा आलेले होते. चिपळुणात चाळीस वर्षं बांधकामांवर देखरेख केलेला माणूस, त्यांनी कंत्राटदाराच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. सरळ फळी आडवी ठेवून तिच्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा रेषेच्या बाहेर. मागचा डावा कोपरा नऊ मिलिमीटर खाली. मी म्हटलं, एवढ्याने काय होतंय. बाबा काही बोलले नाहीत, फक्त फळीच्या टोकाखाली एकेक नाणं सरकवत गेले, बुडबुडा मध्ये येईपर्यंत. पाच नाणी लागली. खालच्या वाशांखाली दर तीसेक सेंटिमीटरवर प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या सारून आम्ही ती बाजू उचलली. अख्ख्या स्लॅबमध्ये पाच मिलिमीटरच्या वर फरक नको, असं पैसे देण्याआधी मोजून घ्या.

## ५. किट येण्याचा दिवस

माल 'कर्बसाइड' येतो, म्हणजे रस्त्याच्या कडेला. आमच्या आकाराचं किट साधारण एक टन भरतं. मोठा ट्रक आणि मागे फोर्कलिफ्ट. तुमची गल्ली अरुंद असेल, गाड्या दोन्ही बाजूंना लागत असतील, तर आधी कळवा. ड्रायव्हर तो गठ्ठा बागेत नेऊन देणार नाही. एकेक लॉग हाताने न्यायचा: चार मीटरचा एक लॉग नऊ-दहा किलो, दोघांनी सहज उचलता येतो.

बोळाची रुंदी सगळे मोजतात, वळण कोणी मोजत नाही. आमचा बोळ ९० सेंटिमीटर रुंद, सगळे लॉग गेले. छपराच्या तुळया सगळ्यांत लांब असतात, कारण त्या पुढे वळचणीच्याही बाहेर येतात. त्या कोपऱ्यावर अडकल्या. तिरक्या केल्या, उभ्या केल्या, जमेना. शेवटी शेजाऱ्यांची बेल वाजवली आणि त्यांच्या अंगणातून कुंपणावरून तुळया आत घेतल्या. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे बटाटेवडे पोचवले.

गठ्ठा फोडला की लगेच पार्ट लिस्टशी एकेक तुकडा ताडून बघा आणि क्रमाने रचून ठेवा. गठ्ठ्यावरची कंट्रोल नंबरची चिठ्ठी फेकू नका, तुकडा कमी निघाला तर तीच मागतात. तक्रारीची मुदत थोडी असते. जमिनीवर थेट ठेवू नका, खाली दांडे घाला, सपाट ठेवा, वर ताडपत्री. बांधायला आठवडाभर वेळ असेल तर गठ्ठा फोडूच नका. उन्हात मोकळे पडलेले लॉग केळ्यासारखे वाकतात.

हत्यारं: रबरी हातोडा, साधा हातोडा, लांब पाणसळ, आठ मीटरची टेप, गुण्या, ड्रिल, करवत, कटर, दोन घोडे-शिड्या, दोन-तीन क्लॅम्प, ट्रकवर सामान बांधतात तसे खटक्याचे दोन पट्टे, हातमोजे. आणि लॉगचा एक वीतभर तुकडा. तो किटमध्ये बहुतेक 'ठोकायचा ठोकळा' म्हणून येतोच. कचरा समजून टाकू नका.

## ६. भिंती

खालचे ट्रीट केलेले वासे आधी मांडा, त्यांच्याखाली ओल वर चढू नये म्हणून प्लॅस्टिकची पट्टी. त्यावर पहिली ओळ. इथे सगळ्यांचा गोंधळ उडतो: दोन समोरासमोरच्या भिंतींना पहिला लॉग अर्धा असतो, म्हणजे उंचीला निम्मा, तळ सपाट. उरलेल्या दोन भिंतींना पूर्ण लॉग. त्यामुळेच कोपऱ्यात खाचा एकमेकींत गुंततात. अर्धे लॉग कुठल्या भिंतीला, ते नकाशात असतं. चुकलात तर शेवटी छपराखाली उंची जुळत नाही. जीभ नेहमी वर. उलटं लावलंत तर खोबणीत पावसाचं पाणी साचेल.

पहिली ओळ वाशांच्या बाहेर चार-पाच मिलिमीटर यायला हवी, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी वाशावर न थांबता खाली पडतं.

ही ओळ लागली की थांबा. मी चारही बाजू मोजल्या, बरोबर आल्या, दुसरा लॉग उचलला. बाबा म्हणाले, "अगं, बाजू काय मोजतेस, कर्ण मोज." एक कर्ण ४.७१, दुसरा ४.७३. बाजू बरोबर असूनही चौकोन कलंडलेला होता, पतंगासारखा. एका कोपऱ्याला रबरी हातोड्याने हलके टोले देत दोन्ही ४.७२ वर आणले. पाच मिनिटांचं काम. पाच ओळी झाल्यावर तेच काम दिवसभराचं होतं.

पुढे भराभर होतं. लॉग खाचेत बसवायचा, ठोकायच्या ठोकळ्याची खोबण जिभेवर ठेवायची आणि हातोडा त्या ठोकळ्यावर मारायचा. थेट जिभेवर मारलात तर ती चेपते आणि पुढचा लॉग बसत नाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बसवत या. वाकलेला लॉग निघाला तर घाबरू नका, परतही पाठवू नका. एक टोक बसवा, क्लॅम्प लावा, दुसऱ्याला खटक्याच्या पट्ट्याने हळूहळू ओढा. वर दोन-तीन ओळींचं वजन आलं की तो सरळ होतो. फार वाकडे असतील ते दाराच्या शेजारच्या आखूड तुकड्यांच्या जागी चालतात का, ते आधीच बघून ठेवा.

दाराची चौकट पाच-सहा ओळी झाल्यावर वरून सरकवून बसवायची, खिडक्यांच्या त्यांच्या उंचीला. खिडकीची वरची-खालची बाजू दोनदा बघा. पाणी बाहेर टाकणारी उतरती कड खाली यायला हवी. आमची एक उलटी बसली होती, चार लॉग काढून परत घातली.

आता पहिलं 'घट्ट नको'. चौकट लॉगला स्क्रूने जखडू नका. ती खोबणीत नुसती सैल उभी राहते. चौकटीच्या डोक्यावर दोनेक सेंटिमीटर फट राहते. ती चूक नव्हे, लाकूड आवळल्यावर भिंत खाली बसते तेव्हा तिथे जागा लागते. फट झाकायला पट्टी येते, ती फक्त चौकटीला ठोका. फोम भरून फट बंद करणारे लोक मी बघितलेत, उन्हाळ्यात त्यांची दारं वरून दाबली जातात.

## ७. छप्पर

त्रिकोणी भाग आणि आढं बसेपर्यंत दोघं पुरतात, तुळया चढवताना तिसरा माणूस असलेला बरा. छपराच्या फळ्या पुढच्या कडेपासून लावत न्या आणि दोन फळ्यांमध्ये नखाएवढी फट ठेवा. आम्ही पहिल्या दहा फळ्या खटाखट दाबून बसवल्या, मग नवऱ्याने सूचनापत्र वाचलं आणि त्या उपसाव्या लागल्या. ओल लागून फळ्या फुगल्या की जागा नसेल तर त्या मधून वर उचलल्या जातात. वारा फार असेल त्या दिवशी छप्पर करू नका, आणि फळ्या लागल्या की त्याच दिवशी आवरण घाला. निदान ताडपत्री तरी.

आवरणाचं म्हणाल तर २.५ मीटरच्या नियमात बसवलेल्या केबिनचं छप्पर फार कमी उताराचं असतं. तिथे फेल्टच्या शिंगल्सच्या, म्हणजे कौलांसारख्या एकावर एक लावायच्या तुकड्यांच्या, खालून पाणी मागे चढतं. अशा छपराला ईपीडीएम म्हणजे रबराची एकसंध चादर बरी. उतार चांगला असेल तर शिंगल्स छान दिसतात. पहिली ओळ उलटी लावायची असते, विसरू नका. इन्सुलेशनचे पीआयआर बोर्ड (कडक फोमचे) घालायचे असतील तर ते फळ्यांच्या वर आणि आवरणाच्या खाली जातात, आणि त्यांच्याखाली बाष्प अडवणारा कागद. त्याने छप्पर पाच-सात सेंटिमीटर वर येतं. ते उंचीच्या हिशोबात आधीच धरलं असेल तर ठीक.

वादळासाठी उभ्या पट्ट्या येतात, भिंत आणि छप्पर एकत्र धरून ठेवायला. त्यांना लांबट भोकं असतात. बोल्ट त्या भोकात वर-खाली सरकला पाहिजे. नट हाताने आवळा, पाना घेऊन पिळू नका.

## ८. जमीन, रंग, वीज

जमिनीच्या फळ्या शेवटी. वाशांमध्ये इन्सुलेशन बसवून वर फळ्या, भिंतीपासून सेंटिमीटरभर सोडून. ती फट झाकणारी पट्टी जमिनीला ठोका, भिंतीला नको.

रंग हे 'पुढच्या महिन्यात बघू'चं काम नाही. कोरं स्प्रूस पहिल्याच पावसात डाग धरतं, मग काळपट बुरशी. पहिल्या पंधरा दिवसांत उरकून टाका: आधी लाकूड टिकवणारं पारदर्शक प्रिझर्व्हेटिव्ह, ते वाळल्यावर बाहेरच्या लाकडासाठीच्या रंगाचे दोन हात. पूर्ण पारदर्शक वार्निश सुंदर दिसतं, पण रंगद्रव्य नसल्यामुळे उन्हापासून फारसं राखत नाही. लॉगची कापलेली टोकं आणि दाराची वरची-खालची कड नीट भिजवा, पाणी तिथूनच शोषलं जातं. आतूनही निदान प्रिझर्व्हेटिव्हचा एक हात द्या. एकाच बाजूने रंगवलेला लॉग वाकतो.

वीज स्वतः करू नका. घरातून नवं सर्किट काढायचं म्हणजे बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या पार्ट पीखाली कळवण्याचं काम. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन बोलवा, तो जमिनीतून चिलखती केबल नेईल आणि सर्टिफिकेट देईल. केबलसाठी चर तुम्ही खणून ठेवलात तर पैसे वाचतात, किती खोल ते त्याला विचारा. इंटरनेटची तार त्याच दिवशी ओढून घ्या, जाड भिंतींपलीकडे वायफाय रडतं. आणि घराच्या विमा कंपनीला केबिनबद्दल कळवा.

## ९. पहिलं वर्ष

पहिल्या नोव्हेंबरात दार घासायला लागेल. रंधा हातात घेऊ नका, बिजागरे अर्धा वळसा फिरवा. जुलैत उलट फिरवावे लागतील. लॉगवर लांबीच्या दिशेने बारीक भेगाही दिसतील. लाकूड वाळतं तेव्हा त्या पडतातच, भिंतीच्या आरपार गेल्या नाहीत तर काळजी नको.

आणि आमची स्वतःची चूक. सगळं नीट झाल्यावर मी हौसेने पुस्तकांचं शेल्फ लावलं. दोन उभ्या लाकडी पट्ट्या, प्रत्येकीत वरपासून खालपर्यंत सहा-सहा स्क्रू, थेट लॉगमध्ये. ऑगस्टात एका सकाळी लॅपटॉपवर उजेडाची एक आडवी रेघ पडली होती. बघते तर शेल्फच्या मागे दोन लॉगमध्ये बोट जाईल एवढी फट, पलीकडे शेजाऱ्यांचं हायड्रेंजिया दिसतंय. बाकीची भिंत उन्हाळ्यात आवळून खाली बसली होती, आणि माझ्या पट्ट्यांनी वरचे लॉग तिथेच टांगून धरले होते. स्क्रू काढले तशी भिंत एक आवाज करून खाली बसली, वरच्या फळीवरून तबल्याचा हातोडा पडला.

शेल्फ हवंच असेल तर उभ्या पट्टीचा वरचा एकच स्क्रू पक्का करा, खालच्या भोकांना दोन-तीन सेंटिमीटर लांबट खाच पाडा आणि तिथे वॉशर घालून स्क्रू सैल ठेवा. किंवा आम्ही आता केलंय तसं करा: कपाट जमिनीवर उभं, भिंतीपासून दोन बोटं लांब.